अंगठ्यावर पैसे कोण देतं?

(सामुदायिक रेडिओवर एका बचत गटाच्या सचिव ताईंनी केलेलं हे बोलणं. त्यांच्या बोलण्यात फारसा बदल न करता छापत आहोत.)

कुणी चुलीपुढं बसून ऐकत असाल, कुणी खुरपताना मोबाईल बांधावर ठेवून ऐकत असाल, कुठं गटाची बैठक भरली असेल आणि रेडिओ मधोमध ठेवला असेल. सगळ्यांना माझा नमस्कार.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातली. आमचा दहाजणींचा गट आहे. ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी असा आमचा माल. मी गटाची सचिव. चार अक्षरं येतात आणि मोबाईल चालवता येतो, म्हणून "जाहिरातीचं तूच बघ" म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं. परवा रेडिओच्या ताई म्हणाल्या, "सोशल मीडियावर धंदा कसा वाढवायचा त्यावर बोला." मी म्हटलं, ताई, वाढवायचं मागून सांगते, आधी मी कुठं कुठं आपटले ते सांगू का? त्या म्हणाल्या, तेच सांगा. तर तेच सांगते.

आमची भाकरी तुम्हाला ठाऊकच आहे. ज्वारीच्या पिठाला उकळतं पाणी घालायचं, मळमळ मळायचं, कागदासारखी पातळ थापायची, तव्यावर भाजायची आणि मग चुलीच्या कडेला उभी लावून कडक होऊ द्यायची. महिनाभर टिकते. चटणी आम्ही उखळातच कुटतो, कुटता कुटता शेंगदाण्याचं तेल सुटतं आणि मग ती चव येते. ज्वारीला मंगळवेढ्याचं नाव सगळ्या राज्यात आहे. म्हणजे मालात खोट नव्हती. बाजारात, यात्रेत, तालुक्याच्या प्रदर्शनात माल जायचा. पण प्रदर्शन वर्षातून एकदा, यात्रा एकदा, आणि बँकेचा हप्ता मात्र दर महिन्याला. मग एका प्रशिक्षणात सांगितलं की मोबाईलवर जाहिरात करा, सगळं जग तुमचं गिऱ्हाईक आहे. मला ते फार आवडलं. सगळं जग! आमच्या गावाला एसटी दिवसातून दोनदा येते, आणि मला सगळं जग गिऱ्हाईक मिळणार.

घरी आले आणि मुलीकडून गटाच्या नावाचं पान काढून घेतलं. पहिल्या फोटोला 40 अंगठे आले. माहेरच्यांचे, पाहुण्यांचे, मुलीच्या मैत्रिणींचे. दुसऱ्याला 55 आले. मैत्रिणींनो, खरं सांगते, मला त्याची गोडी लागली. भाकरी तव्यावर टाकली की फोन बघायचा. उलटली की फोन बघायचा. एक दिवस जाऊबाई म्हणाल्या, "फोन करपत नाही, भाकरी करपते, तेवढं ध्यानात असू द्या."

पण पुढच्या फोटोंना अंगठे कमी यायला लागले. 30, मग 18, मग 9. मला वाटलं, मालात काही बिघडलं का? फोटो वाईट आला का? लोकांना आपला राग आला का? नंतर मुलीनं सांगितलं की आपल्या पानाला जे जोडलेले असतात, त्या सगळ्यांना आपला फोटो दिसतच नाही. कुणाला काय दाखवायचं हे ते यंत्र ठरवतं. लोक ज्यावर थांबतात, हसतात, भांडतात, ते पुढं ढकलतं, बाकीचं मागं राहतं. आणि आपला फोटो जास्त लोकांना दाखवायचा असेल तर पैसे भरा, असं खाली बटण असतं. त्याला 'बूस्ट' म्हणतात.

त्या बटणानं मला खाल्लं. दिवाळीच्या आधीचा महिना होता. गटाच्या नफ्यातले 3000 रुपये माझ्याजवळ होते. ठराव केला नाही, बैठकीत विचारलं नाही. मला वाटलं, ऑर्डरी आल्या की दुप्पट करून दाखवीन, सगळ्या खूश होतील. दहा दिवसांसाठी पैसे भरून टाकले. खाली "घरपोच मिळेल" असं लिहिलं आणि नंबर दिला.

आणि काय सांगू! अंगठ्यांचा पाऊस पडला. पहिल्या चार दिवसांत हजारावर गेले, शेवटी 1900 झाले. मी रोज रात्री आकडा वहीत लिहायची. फोनही यायला लागले. पण कसले फोन? "रेट काय?" विचारायचं आणि रेट सांगितला की गप्प. "पाठवून द्या, खाऊन बघतो, मग पैसे देतो." "आमच्या इथं याच्या निम्म्यात मिळते." कुणी हिंदीत बोलायचं, कुणी कुठल्या भाषेत ते मला कळायचंही नाही. नंतर लक्षात आलं. पैसे भरताना जाहिरात कुठल्या गावात, कुठल्या वयाच्या लोकांना दाखवायची ते निवडायचं असतं. मी काहीच निवडलं नव्हतं. आमची भाकरी सगळ्या देशाला दिसत होती. जिथं पार्सल पाठवायला मालापेक्षा जास्त पैसे लागतात, तिथं ती दिसून काय उपयोग?

दहा दिवसांत ऑर्डरी आल्या चार. चारांचे मिळून 760 रुपये. "घरपोच" लिहिलं होतं, म्हणून पार्सलचे 410 आम्हीच भरले. आणि चारातली दोन पार्सलं पोचली ती चुरा होऊन. कडक भाकरी ती! पिशवीत घालून पाठवली, वाटेत कुणी फेकली असेल, कुणी वर पोतं ठेवलं असेल. एका गिऱ्हाईकानं त्या चुऱ्याचा फोटो आमच्याच पानावर टाकला आणि लिहिलं, "भाकरी मागवली, पीठ आलं." त्या एका वाक्याला आमच्या सगळ्या फोटोंपेक्षा जास्त अंगठे आले, हसण्याचे. मी रात्रभर झोपले नाही.

यापेक्षा वाईट गोष्ट पुढं आहे, आणि ती सांगायला मला आजही जड जातं. पण सांगते, कारण तुमच्यातल्या कुणाच्या हातून तसं होऊ नये.

आमच्या गटात सगळ्यात लहान एक सून आहे. तिचा हात असा की भाकरी परातीत गरगर फिरते. मी तिचा भाकरी थापतानाचा व्हिडिओ काढला. तिला म्हटलं, "असाच, आठवण म्हणून." आणि तो जाहिरातीत टाकून दिला. तिला विचारलं नाही. तो खूप लोकांनी बघितला. खाली लोकांनी लिहिलं, त्यात चांगलं लिहिणारेही होते. पण काही पुरुषांनी भाकरीबद्दल लिहिलंच नाही, तिच्याबद्दल लिहिलं. काय लिहिलं ते मी रेडिओवर सांगणार नाही. तिच्या दिराला कुणीतरी तो व्हिडिओ दाखवला. दुसऱ्या दिवशी तिचं गटात येणं बंद झालं. तिच्या हातात महिन्याला जे हजार-बाराशे येत होते, तेही बंद झाले. तिचा काय गुन्हा? गुन्हा लिहिणाऱ्यांचा, आणि चूक माझी. पण घरात कोंडली गेली ती.

या सगळ्यात महिन्याची बैठक आली. हप्त्याला 2500 कमी पडत होते. मी वही उघडली आणि आकडे वाचायला लागले. जाहिरात इतक्या लोकांनी बघितली, इतके अंगठे आले, इतक्यांनी पुढं पाठवली. मला वाटलं, मोठे आकडे ऐकून बायांना धीर येईल.

आमच्या गटात एक थोरल्या आत्या आहेत. वय सत्तरीच्या पुढं. शाळेची पायरी चढलेल्या नाहीत, जन्मभर अंगठा करत आल्या. त्या शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "किती अंगठे म्हणालीस?"

म्हटलं, "एकोणीसशे, आत्या."

"आणि भाकरी किती गेली?"

मी गप्प.

आत्यांनी आपला अंगठा वर केला. म्हणाल्या, "माझ्या या एका अंगठ्यावर बँकेनं पैसे दिले. तुझ्या एकोणीसशे अंगठ्यांवर कोण देतं गं?"

कुणी हसलं नाही. मीही नाही. मी वही खाली ठेवली आणि सगळं सांगितलं. 3000 कसे घातले, विचारलं नाही ते, व्हिडिओचं ते. एकजण चिडली. तिचं बरोबरच होतं. तिच्या मुलाची फी भरायची होती. त्या महिन्याचा हप्ता भरायला दहाजणींनी 250-250 घरातून आणले. लहान सुनेचे 250 मी भरले. मी म्हटलं, सचिवपद काढून घ्या. आत्या म्हणाल्या, "पद ऱ्हाऊ दे. आधी त्या पोरीच्या घरी चल."

आम्ही दोघी गेलो. मी तिच्या सासू-सासऱ्यांपुढं आणि दिरापुढं सांगितलं की चूक माझी आहे, तिला ठाऊकसुद्धा नव्हतं. व्हिडिओ त्यांच्यासमोर काढून टाकला. तेवढ्यानं झालं नाही. दोन आठवडे गेले, आत्या तीनदा जाऊन बसल्या, तेव्हा ती परत आली. तेव्हापासून आमच्या गटाचा ठराव आहे, वहीत लिहिलेला. कुणाचाही चेहरा तिला विचारल्याशिवाय जाणार नाही, आणि हो म्हटलं तरी तिला तो आधी दाखवायचा. आम्ही आता हात दाखवतो. परात, तवा, चूल दाखवतो. मैत्रिणींनो, ज्यांना चेहरा दाखवायचा आहे त्यांनी जरूर दाखवावा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण ते ज्याचं त्यानं ठरवायचं. जाहिरात करणारीनं नाही.

तर मग आम्ही मोबाईल सोडून दिला का? नाही. बैठकीत असंच ठरत होतं, पण आत्यांनीच अडवलं. म्हणाल्या, "बाजारात एकदा फसलो म्हणून बाजार सोडला का आपण? हिशेब लाव."

मग हिशेब लावला. वहीत तीन रकाने पाडले. पहिल्यात ज्यानं विचारलं तो. दुसऱ्यात ज्यानं घेतलं तो. तिसऱ्यात ज्यानं परत घेतलं तो. अंगठ्यांना रकानाच ठेवला नाही. तीन महिने लिहिलं आणि मग सगळ्या मिळून बघितलं. पहिला रकाना भरून गेलेला, दुसरा अर्धा, तिसऱ्यात 31 नावं. ती 31 नावं आम्ही एकेक वाचली. त्यात बूस्टवरून आलेलं नाव एकही नव्हतं. होत्या कोण? आमच्या गावच्या पुण्याला दिलेल्या लेकी. सोलापुरातल्या दोन शिक्षिका, ज्या आधी आमच्या शाळेवर होत्या. प्रदर्शनात भाकरी खाऊन गेलेले आठ-दहाजण. मुंबईतलं एक कुटुंब, ज्यांची आजी आमच्या तालुक्यातली. म्हणजे ज्यांनी आमची भाकरी एकदा तोंडात घातली होती तेच परत आले होते. ज्यांनी नुसती बघितली होती ते अंगठा देऊन पुढं गेले.

मला त्या दिवशी कळलं ते एवढंच आहे. खाऊन गेलेलं गिऱ्हाईक धरून ठेवायला मोबाईलसारखी वस्तू नाही. पण न खाल्लेल्याला नुसता फोटो दाखवून गिऱ्हाईक करणं फार महाग पडतं, आणि ते आपल्यासारख्यांच्या पैशाचं काम नाही. मोठ्या कंपन्या करतील. त्यांचे 3000 गेले तर त्यांच्या मुलाची फी थांबत नाही.

आता आम्ही कसं करतो ते सांगते. जमलं तर लिहून घ्या.

पहिलं म्हणजे गटाचा नंबर वेगळा केला. आधी माझाच नंबर होता. रात्री अकरा वाजता "हाय" म्हणून मेसेज यायचे, "जेवलात का" म्हणून यायचे. नवरा विचारायचा कोण आहे. आता वेगळं सिम आहे, जुन्या फोनमध्ये टाकलंय, आणि त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस घेतलंय. ते फुकट आहे. त्यात मालाची यादी फोटो आणि दरासह लावता येते, म्हणजे "रेट काय" ला शंभरदा उत्तर द्यावं लागत नाही. वेळ ठरवता येते. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. नंतर कुणी मेसेज केला तर आपोआप उत्तर जातं की उद्या बोलू. फोन एक आठवडा एकीकडं, दुसरा आठवडा दुसरीकडं. वेडंवाकडं बोलणाऱ्याला उत्तर द्यायचं नाही, वाद घालायचा नाही, सरळ ब्लॉक करायचं. आमच्या लहान सुनेनं सगळ्यात जास्त ब्लॉक केलेत, आणि प्रत्येक वेळी ती सगळ्यांना दाखवून करते.

दुसरं, हे फार उपयोगाचं आहे. व्हॉट्सॲपमध्ये 'ब्रॉडकास्ट' नावाची सोय आहे. एकच मेसेज एका यादीतल्या 256 लोकांना वेगवेगळा जातो, एकमेकांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत. पण त्यात एक मेख आहे. ज्यानं आपला नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केला असेल, त्यालाच तो मेसेज पोचतो. आम्ही सहा महिने मेसेज टाकत होतो आणि निम्म्या लोकांना पोचतच नव्हता. आम्ही म्हणायचो, लोक किती माजलेत, उत्तर देत नाहीत. बिचाऱ्यांना मिळालाच नव्हता. म्हणून आता प्रत्येक पुड्यात चिठ्ठी असते. "हा नंबर सेव्ह करा. नवा माल निघाला की कळवू." आणि पैसे देताना समोरच उभं असलेलं गिऱ्हाईक असेल तर आम्ही म्हणतो, "दादा, आत्ताच करा सेव्ह, मी थांबते."

तिसरं, मेसेज आठवड्याला एकच. सुविचार नाही, फुलं नाहीत, देवाचे फोटो नाहीत. लोक कंटाळतात आणि मग कामाचा मेसेजही बघत नाहीत. आमचा मेसेज असतो, "बुधवारपर्यंत ऑर्डर द्या. गुरुवारी-शुक्रवारी भाजणार. शनिवारी निघणार." दर, वजन, पार्सलचा खर्च वेगळा, सगळं आधीच लिहिलेलं. फेब्रुवारी-मार्चमध्ये ज्वारी निघाली की लिहितो, "नवी ज्वारी आली." त्या तीन शब्दांना जेवढ्या ऑर्डरी येतात तेवढ्या "उत्तम क्वालिटी, स्वादिष्ट, आरोग्यदायी" असं लिहून कधी आल्या नाहीत. जो आपल्या मातीतला माणूस शहरात आहे, त्याला नव्या ज्वारीचा अर्थ कळतो.

फोटोचं सांगते. एकदा मी इंटरनेटवरून एक सुंदर भाकरीचा फोटो घेऊन टाकला होता. गिऱ्हाईक म्हणालं, फोटोतली भाकरी दुसरी होती, ही दुसरी. खरंच होतं ते. आता आमच्याच भाकरीचा, सकाळच्या उजेडात, ओसरीवर काढलेला फोटो. थोडी वाकडी दिसली तरी चालेल, आपली दिसली पाहिजे. पुड्यावर वजन, भाजल्याची तारीख आणि अन्नसुरक्षेचा 14 आकडी नोंदणी नंबर. छोट्या धंद्याची ती साधी नोंदणी आहे, आम्ही केली तेव्हा वर्षाला 100 रुपये लागले. ती नोंदणी असली की अनोळखी गिऱ्हाईकही भरवसा ठेवतं.

आणि चुऱ्याचं काय केलं? दोन गोष्टी केल्या. ज्यानं "पीठ आलं" लिहिलं होतं त्याला फोन केला. आधी भांडायच्या तयारीत होते मी, पण आत्या शेजारी बसल्या होत्या. मी म्हटलं, "दादा, बांधण्यात आमची चूक झाली, दुसरा पुडा पाठवते." तो गांगरलाच. आम्ही भाकरीच्या मापाचा खोका केला. आत वर्तमानपत्र असं दाबून भरायचं की भाकरी हलता कामा नये. पाठवायच्या आधी तो खोका आम्ही ओसरीवरून अंगणात टाकून बघतो. दुसरा पुडा अख्खा पोचला. त्यानं पानावरचं ते वाक्य काढलं नाही, पण खाली लिहिलं की बदलून दिली, चव चांगली आहे. तो आता तिसऱ्या रकान्यात आहे. आणि पुण्याला आम्ही एकेक पार्सल पाठवतच नाही. सगळ्यांच्या ऑर्डरी एका खोक्यात, रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं, गावच्या एका लेकीकडं. तिथून ज्याचं त्यानं न्यायचं. तिला त्याबद्दल दर पुड्यामागं पैसे देतो. फुकट राबवून घेत नाही.

आता फसवणुकीचं, कारण ते सांगितल्याशिवाय मी उठणार नाही. एक दिवस फोन आला. हिंदीत बोलणारा माणूस. म्हणाला, मी फौजेतला अधिकारी आहे, कँटीनसाठी 200 पुडे पाहिजेत, पैसे आधी देतो. वर्दीतला फोटोही पाठवला. 200 पुडे! आम्ही सगळ्या हरखलो. म्हणाला, आमचं खातं फौजेचं आहे, पैसे द्यायची पद्धत वेगळी असते. आधी एक रुपया पाठवला. तो आला. भरवसा बसला. मग एक चौकोनी कोड पाठवला आणि म्हणाला, हा स्कॅन करा, रक्कम टाका, पिन टाका, की पैसे तुमच्या खात्यात येतील. ऑर्डरचे पैसे माझ्याच खात्यावर येतात, बैठकीला मी ते गटात जमा करते. त्या दिवशी खात्यावर घरचे बियाणाचे पैसेही होते. मी कोड स्कॅन केला. रक्कम टाकली. पिन टाकायला बोट उचललं तेवढ्यात लहान सून म्हणाली, "काकू, पैसे आपल्याला येणार आहेत ना? मग पिन आपला कशाला मागतोय?"

मैत्रिणींनो, हे वाक्य भिंतीवर लिहून ठेवा. पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन फक्त द्यायला लागतो. कोड स्कॅन करायचा तो पैसे द्यायला. घ्यायला काहीच करावं लागत नाही, आपला कोड दाखवायचा, बस. आणि कुणी फसलंच, तर रडत बसू नका, लपवू नका. 1930 या नंबरला लगेच फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी पैसे अडवायची शक्यता जास्त. तसंच व्हॉट्सॲपचा सहा आकडी कोड कुणी मागितला, अगदी ओळखीच्या नंबरवरून मागितला, तरी द्यायचा नाही. तो दिला की आपलं खातं त्याच्या हातात जातं, आणि मग तो आपल्या गिऱ्हाईकांकडं आपल्या नावानं पैसे मागतो.

शेवटची गोष्ट वहीची. तुम्हाला आठवत असेल, 4 ऑक्टोबर 2021 च्या रात्री फेसबुक, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम सगळं जगभर काही तास बंद पडलं होतं. त्या रात्री मला नवरात्राच्या ऑर्डरींची यादी करायची होती. सगळी यादी त्या फोनमध्ये, मेसेजमध्ये. कुणाचं नाव कागदावर नाही. सकाळी सगळं सुरू झालं म्हणून बरं, पण त्या रात्री मला पहिल्यांदा भीती वाटली, की हे उघडलंच नाही तर माझं गिऱ्हाईक कुठं शोधू? तरीही मी लगेच शहाणी झाले नाही. वही करायला आत्यांचा अंगठाच लागला. आता आमच्या तिसऱ्या रकान्यातल्या प्रत्येकाचं नाव, गाव, फोन नंबर वहीत आहे. आज त्यात 94 नावं आहेत. पान दुसऱ्याच्या जागेत मांडलेलं दुकान आहे. जागा त्याची, नियम त्याचे. वही मात्र आपली.

94 म्हणजे फार नाहीत. आम्ही काही लखपती झालो नाही. कधी आठवड्याला 15 ऑर्डरी येतात, कधी 4. अजून कधी कधी माझं मन खट्टू होतं. शेजारच्या तालुक्यातल्या कुणाचा व्हिडिओ लाखांनी बघितला की पोटात कालवतं, खोटं कशाला बोलू? पण हप्ता चुकलेला नाही. बूस्टवर त्यानंतर एकदाच पैसे घातले, ठराव करून. 300 रुपये, फक्त सोलापूर शहर, प्रदर्शनाच्या आधीचे तीन दिवस. गाळा नंबर लिहिला. लोक शोधत आले, खाऊन गेले, नंबर सेव्ह करून गेले. त्याचाही हिशेब लिहिलाय.

तर तुमच्या पुढच्या बैठकीत, ज्या ताईकडं मोबाईलचं काम आहे तिला एवढंच विचारा. किती जणांनी विचारलं, किती जणांनी घेतलं, किती जण परत आले? रागानं विचारू नका. ती एकटी रात्री जागून ते करत असते, आणि अंगठे कमी आले की तिला वाटतं आपलंच काही चुकलं. तिला सांगा, तुझं चुकलं नाही, चल मिळून हिशेब लावू. मला तसं वेळेवर कुणी म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

लहान सून आज माझ्याबरोबर आली आहे. बाहेर बसली आहे. आमच्या व्हिडिओत आता चेहरा कुणाचा नसतो, पण "भाकरी अशी थापायची बघा" म्हणून जो आवाज येतो, तो तिचा. तिनंच म्हटलं, आवाज माझा घ्या. पुढच्या वेळी रेडिओवर तिलाच बोलवा, माझ्यापेक्षा चांगलं बोलते.

थोरल्या आत्या घरी रेडिओ लावून बसल्या असतील. आत्या, भाकरी किती गेली ते सांगते. या आठवड्यात 220. नमस्कार.